वजीर नालबंदाची मखमल

चाकणच्या बैलबाजाराच्या कडेला एक वाकडी चिंच होती आणि तिच्या बुडाशी, आपल्या घराच्या दारासमोरच, वजीर नालबंद बसायचा. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारणं हा त्याचा धंदा. बापाचा तोच, आज्याचाही तोच. खेडचे, महाळुंग्याचे, कधीकधी पार चिंचवडकडचे शेतकरीसुद्धा बैल घेऊन त्याच्याकडे येत, कारण वजीरने ठोकलेली पत्री भर खडकातून गाडी नेली तरी निघत नाही असा त्याचा लौकिक होता. माणूस मात्र हेकट. जनावराविषयी एकदा त्याने मत बांधलं की तेही पत्रीसारखंच ठोकलेलं. बैलाचा मालक म्हणायचा, याचा पुढचा पाय दुखतोय. वजीर म्हणायचा, मागचा. आणि वैताग असा की बहुतेक वेळा मागचाच दुखत असायचा. त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय उरली नव्हती.

त्याचे हात कायम फाटलेले असायचे. खिळा निसटायचा, खूर तासताना चाकू घसरायचा, पाडलेला बैल दोरीला हिसका द्यायचा आणि बोटांची सालटी निघायची. एक जखम भरते न भरते तोच दुसरी तयार. वजीर त्यांच्यावर चिमूटभर हळद दाबायचा आणि पुढचा बैल घ्यायचा. ते हात चाकणला सगळ्यांनी पाहिले होते, पण त्यांच्याकडे नीट कुणी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

मखमल त्याला सापडली ती महाळुंग्याच्या रस्त्यावर. अर्जुनरावांच्या वस्तीवर बैलांना पत्र्या मारून तो दिवस कलताना परत निघाला होता. थंडीचे दिवस होते. बांधावरच्या बाभळीच्या कुंपणातून कण्हल्यासारखा आवाज आला. वाकून बघतो तर काट्यात एक कुत्री अडकलेली. तांबूस-पांढरी, ठेंगणी, आणि कान एवढे लांब की दोन्ही कान काट्यांत गुंतून तिचं डोकं जागच्या जागी जखडलेलं. गळ्यात चामड्याचा पट्टा होता. तेव्हा पिंपरीकडे कारखान्याची कामं निघाली होती, साहेबलोकांच्या मोटारी नाशिकच्या रस्त्याने धुरळा उडवत जायच्या. त्यांतल्याच कुणाची तरी ती असावी. हरवली की सोडून दिली, हे त्या साहेबालाच ठाऊक.

वजीरने खूर तासायचा चाकू काढला आणि कानांचे केस एकेक झुपका करून कापले. कुत्रीने हू की चू केलं नाही. मोकळी झाल्यावर तिने पळून जावं की नाही? ती त्याच्या पायाशी बसली आणि काट्यांनी ओरबाडलेले त्याचे हात चाटायला लागली.

"चल मग," वजीर म्हणाला. त्याच्या आयुष्यात इतक्या चटकन तो दुसऱ्या कुणाला हो म्हणाला नव्हता, जमिलालासुद्धा नाही.

जमिला त्याची बायको. माहेर महाडकडचं, कोकणातलं. तिच्या माहेरी कुत्र्याच्या लाळेचा विटाळ फार कडक पाळत. कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने घासून. तिच्या अम्माने हातांनाही तोच नियम लावला होता आणि जमिलाने तो इकडे सासरी आणला होता. वजीरच्या घरात एवढं कुणी पाळत नसे. "आमच्यात तीनदा धुतलं तरी चालतं," असं तो तिला चिडवायचा. त्या संध्याकाळी कुत्री दारात दिसताच जमिला उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"हिचं पाऊल आत पडलं तर माझं बाहेर पडेल."

"बाहेरच राहील ती. चिंचेखाली."

"आणि तुम्ही? तिला कुरवाळून त्याच हातांनी भाकरी खाणार?"

"धुईन की हात."

"सात वेळा. एकदा मातीने."

"सात वेळा," वजीर म्हणाला, आणि नवराबायकोत करार झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी वजीर उंबऱ्याशी आला की आतून प्रश्न यायचा, "हात धुतले का?" आणि तो म्हणायचा, "धुतले." पहिले काही दिवस त्याने खरंच धुतले. पुढेपुढे फाटलेल्या हातांना माती झोंबायला लागली, कंटाळा यायला लागला. मग तो रांजणाशी नुसता तांब्या वाजवायचा, पाणी सांडल्याचा आवाज करायचा आणि म्हणायचा, "धुतले." ही खोटी गोष्ट इतकी लहान होती की तिला खोटं म्हणावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

कुत्रीचं नाव त्याने ठेवलं मखमल, तिच्या कानांवरून. ती दिवसभर चिंचेखाली असायची. बैल पाडला, पाय बांधले की ती त्याच्या तोंडाशी जाऊन बसायची आणि घाबरून डोळे फिरवणारा बैल तिच्याकडे बघत कसा कोण जाणे शांत व्हायचा. शेतकरी वजीरला चिडवायचे, "वजीरभाई, धाकट्या बेगमचा हात चांगला हाय." खाताना तिचे कान थाळीत लोळायचे, कालवणाने माखायचे, त्यांवर माश्या बसायच्या. एके दिवशी उंबऱ्याच्या आतून एक कापडी नळी बाहेर येऊन पडली. जमिलाने जुन्या कुडत्याची बाही कापून, शिवून, एका टोकाला नाडी घातली होती.

"हे काय?"

"तिच्या डोक्यात घाला जेवताना. कान बांधले जातील. मला ती घाण बघवत नाही."

मखमल बाही घालून जेवायला लागली आणि बाजारातल्या माणसांची हसून मुरकुंडी वळायची. जमिला दाराआडून बघायची. तीही हसायची, पण ते वजीरला कळू द्यायची नाही.

चैत्रात महाळुंग्याकडे पिसाळलेलं कोल्हं आलं. पहाटे अर्जुनरावांच्या गोठ्यात शिरून त्याने पाखऱ्या बैलाचं नाक फोडलं, तिथून कांद्याच्या वावरांतून चाकणच्या दिशेने पळालं, आणि उजाडता उजाडता लोकांनी काठ्यांनी मारलं. वाटेत ते आणखी कुणाकुणाला चावलं हे सांगायला कुणी नव्हतं.

वजीर रोज पहाटे मखमलला मोकळी सोडायचा. ती वावरांत हुंदडून यायची. त्या सकाळी ती उशिरा आली आणि थेट दारातल्या बैलगाडीखाली जाऊन बसली. वजीरने हाक मारून बाहेर काढलं, कानावरून हात फिरवला, तर बोटांना रक्त. डावा कान उचलून बघितला. दाट केसांत, कानाच्या मुळाशी, दोन भोकं पडली होती.

कोल्ह्याची बातमी तोवर बाजारात आलेली होती. वजीरने ती ऐकलेली होती. क्षणभर त्याच्या काळजात धस्स झालं, हे खोटं नाही. पण लगेच त्याला कुंपणात अडकलेले ते कान आठवले. बाभळीचा काटा, दुसरं काय? या कानांना काट्यांचं वेडच आहे. मत बांधून झालं. त्याने हळद-तेल लावलं आणि वरून केस सारखे केले. कापलेले केस पुन्हा इतके लांब वाढले होते की जखम होती की नाही हे दुसऱ्या कुणाला दिसलंच नसतं.

"रक्त कसलं ते?" जमिलाने आतून विचारलं.

"काट्याचं."

महिनाभराने अर्जुनराव बाजारात आले ते एकटेच, बैल न घेता. चिंचेखाली उभे राहिले, बसले नाहीत. मखमल शेपटी हलवत पुढे झाली तसे ते मागे सरकले.

"पाखऱ्या गेला," ते म्हणाले. "चार दिस नुसता हंबरत हुता. आवाज पार बदलला. तोंडाला फेस. पाण्याची बादली म्होरं ठेवली की अंग काढून घ्यायचा. त्या कोल्ह्यानं खाल्ला त्येला."

"वाईट झालं, अर्जुनराव. गुणी जनावर."

"वजीरभाई, त्या दिशी पहाटं तुमचं कुत्रं आमच्या बांधावर हुतं. म्या डोळ्यानं बघितलंय."

"ती रोजच असते. चावली का कुणाला?"

"ती कुणाला चावली ते न्हाई इचारत. तिला कोण चावलं ते इचारतोय."

वजीरला राग आला. "जनावराचं मला तुम्ही शिकवू नका. मी रोज हात फिरवतो तिच्यावर. काही नाही तिला."

अर्जुनराव गेले, पण त्यांचा प्रश्न बाजारात राहिला. पुढच्या बाजारी चिंचेखाली मोजकेच बैल आले, त्याच्या पुढच्या बाजारी एकही नाही. माणसं लांबून जायची. आणि नेमकी त्याच सुमाराला मखमल बदलायला लागली. आधी ती डोकं झाडायला लागली. मग मान डावीकडे कलती धरायला लागली. ऊन टाळून गाडीखाली अंधारात बसायची, हाक मारली की दचकायची. तोंडातून लाळेची तार लोंबायची. थाळीतलं तसंच राहायचं. वजीर तिच्या शेजारी जाऊन बसायचा. ती हळूच त्याचा हात हुंगायची आणि पहिल्यासारखी चाटायची. त्याला वाटायचं, पिसाळलेलं कुत्रं असं प्रेमाने चाटेल का?

पंचायतीतले सोपानराव आले. माणूस वाईट नव्हता. गावाचं काम अंगावर घेतलेला होता, एवढंच.

"वजीरभाई, गावातली बेवारशी कुत्री आमी मारली. तुमचं ठेवलं, तुमच्याकडं बघून. पर आता लोक ऐकत न्हाईत. उद्याच्याला काय ते करा, न्हाईतर आमास्नी करावं लागंल."

"कुसळ आहे तिच्या कानात," वजीर म्हणाला. हे तो तेव्हाच, बोलता बोलता ठरवत होता. पण बोलल्याबरोबर त्याला ते पटलं. वाळलेल्या गवताचं कुसळ. लांब कान, वावरात हुंदडणं, डोकं झाडणं, मान कलती. सगळं जुळत होतं. "उद्या सकाळी काढून दाखवतो तुम्हाला."

सकाळी त्याने मखमलला दोरीने चिंचेला बांधलं. पण कान उलटा करून आत चिमटा घालायचा तर तोंड कुणीतरी धरायला हवं. बाजारातले ओळखीचे लोक लांब उभे होते. वजीरने एकेकाकडे बघितलं. जो तो दुसरीकडे बघू लागला.

तेव्हा जमिला उंबरा ओलांडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने दातांत धरला होता आणि हातांना एका जुन्या ओढणीचे वेढे दिले होते. जिला इतके दिवस कधी बोट लावलं नव्हतं, तिचं तोंड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वजीरला एकदम भरून आलं. तो कसाबसा म्हणाला, "जपून."

"तुम्ही कुसळाकडे बघा."

त्याने चिमटा आत घातला. मखमल विव्हळली, हिसडली, ओढणीचा वेढा सुटला आणि जमिलाच्या मनगटावर दाताची रेघ उमटली. पण तिने हात सोडले नाहीत. आणि चिमट्यात आलं. खरंच आलं. रक्ताने भिजलेलं, बोटाच्या पेराएवढं कुसळ.

वजीरने ते वर धरलं. एवढा मोठ्याने तो कधी हसला नव्हता. सोपानरावांच्या नाकासमोर नेऊन दाखवलं, अवघ्या बाजाराला दाखवलं. "हे बघा तुमचं पिसाळणं! बघा!" माणसं जवळ आली, सुटल्यासारखी हसली. सोपानरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जनावरातलं तुमालाच कळतंय बाबा." कुसळ खरं होतं. पण कुसळ असलेल्या कुत्र्याला दुसरं काही असू शकत नाही असं कुणी ठरवलं होतं?

जमिला रांजणाशी गेली. माती घेतली, मनगट घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं. रेघेतून रक्त येत होतं तरी घासत राहिली. सात वेळा. वजीरने शेजारी उभं राहून तीनदा हात धुतले आणि म्हणाला, "बस झालं, आमच्यात चालतं." ती हसली. त्या दिवशी ती त्याच्यावर रागवली नाही.

दुपारभर तो मखमलपाशी बसला. तिने डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला कालच पडलेली चीर चाटत राहिली. दुखतंय, म्हणून चाटते, माया आहे, असं त्याला वाटलं. संध्याकाळी आतून विचारणा झाली, "हात धुतले का?" तो तांब्या वाजवून म्हणाला, "धुतले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मखमलपुढे पाणी ठेवलं. ती पुढे झाली. तहान लागली होती, हे दिसतच होतं. थाळीत तोंड घालणार तोच तिचा गळा आवळल्यासारखा झाला, अंग ताठलं आणि ती मागे फेकली गेली. पुन्हा आली. पुन्हा तेच. मग ती भुंकली, आणि तो आवाज तिचा नव्हता. अर्जुनराव पाखऱ्याविषयी जे म्हणाले होते ते सगळं वजीरच्या कानात पुन्हा वाजलं. तो खाली बसला. आणि मग त्याला आठवलं ते जमिलाचं मनगट.

सोपानराव काठ्यावाले घेऊन आले, पण वजीरने कुणाला पुढे येऊ दिलं नाही. जमिलाला आत जायला सांगितलं. मखमलच्या डोक्यात बाही घातली, कान नीट बांधले, आणि पत्र्या ठोकायच्या हातोड्याने त्याने ते काम स्वतः केलं. हातोडा तिच्याबरोबरच पुरला. त्याच दिवशी मिळेल त्या गाडीने तो जमिलाला घेऊन पुण्याला निघाला.

सरकारी दवाखान्यात पोटात सुया द्यायचे, रोज एक. डॉक्टरांनी जमिलाचं मनगट बघितलं, कसं धुतलं ते विचारलं आणि म्हणाले, "चांगलं केलंत बाई." मग वजीरकडे वळले. "तुम्हाला चावली? हाताला जखम असताना चाटली? नीट आठवून सांगा."

वजीरच्या तोंडाशी आलं होतं. पण जमिला त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या आधी तीच म्हणाली, "यांना काही नाही डॉक्टरसाहेब. हे रोज सात वेळा हात धुवायचे."

केवढ्या विश्वासाने बोलली ती! जिचा जीव आपण धोक्यात घातला, तिला आता हेही सांगायचं, की रोज संध्याकाळी मी तुझ्याशी खोटं बोललो? वजीरला ते जमलं नाही. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला काही नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

जमिलाच्या सुया संपल्या आणि दोघं चाकणला आली. तेव्हापासून वजीरला एकच काम. सकाळी उठला की तो आधी पेला भरून जमिलाच्या हातात द्यायचा आणि समोर बसायचा. ती पाणी पिईपर्यंत त्याचा जीव टांगलेला. घोट गळ्याखाली उतरला की त्याला श्वास यायचा. जमिलाला ते कळायचं. ती मुद्दाम सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायची, पेला उलटा करून दाखवायची. "बघा, संपलं." आषाढ गेला, श्रावण गेला. दर सकाळी पेला उलटा व्हायचा. मनगटावरची रेघ पांढरी पडून मिटून गेली.

बाजार परत चिंचेखाली आला. नवा हातोडा हातात बसला. दिवाळीच्या आधी अर्जुनराव नवी जोडी घेऊन आले आणि पत्र्या मारून घेतल्या. जाताना म्हणाले, "वंगाळ झालं वजीरभाई. पर घरचं माणूस वाचलं, लई झालं." वजीरने मान डोलावली. त्यालाही आता तसंच वाटायला लागलं होतं. अल्लाने जमिलाला वाचवलं. आणखी काय मागायचं?

दिवाळी सरली, थंडी पडली. वजीरच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. जुनी चीर केव्हाच भरून आली होती, पण आतून काहीतरी चावत असल्यासारखं व्हायचं. मग ते मनगटापर्यंत चढलं, कोपरापर्यंत चढलं. थंडी, त्याने मत बांधलं. बैलाचा हिसका बसला असेल. दोन रात्री झोप लागली नाही, अंगात कणकण होती, जमिलाने हाक मारली तरी तो दचकायचा.

त्या सकाळी त्याने रोजच्यासारखा पेला भरून तिच्या हातात दिला. जमिला प्यायली, पेला उलटा केला. "संपलं. आता तुम्ही प्या. काल दिवसभर पाणी नाही प्यायलात." तिने त्याच पेल्यात रांजणातलं गार पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे धरला.

वजीरला तहान लागली होती. त्याने पेला घेतला, ओठांशी नेला, आणि पाणी ओठांना लागायच्या आधीच त्याचा गळा आवळला गेला. अंग ताठलं. पेला हातातून उडून जमिनीवर पडला, पाणी पसरलं, आणि त्या पाण्यापासून तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला.

जमिला जागची हलली नाही. सांडलेल्या पाण्याकडे तिने बघितलं, मग त्याच्याकडे.

"अजी, तुम्ही रोज हात धुतले होते ना?"

वजीरने दोन्ही हात पाठीमागे नेले.